सावो आजोबांच्या पिस्तुलाची किंमत

४ ऑक्टोबर १९९३, सेतिन्ये

ही वही खरं तर माझी नाही, स्तामेनाच्या साखरेची आहे. डॉक्टरीणबाईंनी दिली. म्हणाल्या, "विदाक, इन्सुलिनची बाटली कधी उघडली, कधी संपली, तारीख टाकून लिहीत जा. तुमच्या बायकोला आता नीट दिसत नाही, तेव्हा लिहिण्याचं काम तुमचं." तारीख लिहून पान रिकामंच राहतं. उरलेल्या जागेत माझं रडगाणं. डॉक्टरीणबाईंना वाचायचं असेल तर वाचू देत.

आज पहिली बाटली उघडली. आणखी दोन बंद आहेत. एका बाटलीत चारशे युनिट, रोजचे चाळीस, म्हणजे दहा दिवस. तीन बाटल्या, तीस दिवस. दोन नोव्हेंबरला संपणार. पुढे काय, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. परदेशांनी बंदी घातल्यापासून दवाखान्याच्या कपाटात कापूस आणि आयोडीन एवढंच आहे. शेवटी हळूच म्हणाल्या, "बसस्टँडवर बाचो नावाचा माणूस आहे. त्याच्याकडे असतं. जर्मन मार्कांत विकतो. हे तुम्हाला मी सांगितलेलं नाही." मार्क मी कुठून आणू? फ्रिजच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली, त्या पेन्शनीत गेल्या महिन्यात एक पाव आणि एक काड्यापेटी आली.

इंजेक्शन ती स्वतः घेते. चुलीकडे तोंड करून, सिरिंज डोळ्याला लावून, खुणा पुटपुटत मोजते. मी तेवढा वेळ अंगणात जातो. सुई बघितली की मला घेरी येते. "याच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कमरेला पिस्तूल खोचून फिरले, आणि हा बघा," असं ती शेजारणींना सांगते. सांगू दे.

७ ऑक्टोबर

वडिलांचं काळं पडलेलं चांदीचं घड्याळ कोण घेणार; बरे मार्क मिळतील अशी घरात एकच वस्तू आहे. आज पेटीतून बाहेर काढली. सावो आजोबांचं पिस्तूल. राजाच्या काळात हुकूमच होता की प्रत्येक पुरुषाने हे असलंच सैनिकी पिस्तूल बाळगायचं. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पाच गोळ्यांचं चाक, मुठीला हाडाच्या पट्ट्या. बाकीच्यांनी आपापली विकत घेतली, सावो आजोबांना मात्र राजाने स्वतःच्या हाताने दिलं. लहानपणापासून हेच ऐकत आलो. पंचेचाळीस साली नवं सरकार घरोघरची हत्यारं जमा करायला लागलं तेव्हा वडिलांनी ते तेलकट लोकरीत गुंडाळून भिंतीत चिणलं, मी एकाहत्तरात भिंत दुरुस्त करताना काढलं. तेव्हापासून पेटीत.

स्तामेना म्हणाली, "विकायचं नाही."

"मग बाटल्या काय हवेतून आणू?"

"येतील कुठून तरी. माणसा, हे गेलं तर तुझ्याकडे राहिलं काय? टोपी?"

"तू राहशील."

"मी काय भिंतीवर टांगायची वस्तू आहे?"

तिच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय.

१२ ऑक्टोबर

कोतोरला जाऊन आलो. बस नव्हती. सरपणाच्या ट्रकमध्ये बसून गेलो, पिस्तूल कोटाच्या आत. उतारावरच्या प्रत्येक वळणाला जीव मुठीत.

कोतोरात त्रिपो नावाचा म्हातारा घड्याळजी आहे. जुन्या शस्त्रांतलं त्याला सगळ्यात जास्त कळतं, असं सगळे म्हणतात. त्याने पिस्तूल हातात घेतलं आणि आधी त्याचा वास घेतला. मग भिंग लावलं. चाकावरचा नंबर, सांगाड्यावरचा नंबर, दोन्ही एकच. स्क्रूंच्या खाचा बघितल्या. कोरलेल्या अक्षरांच्या कडांवरून नख फिरवलं. असं तासभर चाललं. मग खिडकीपाशी नेऊन मला दाखवलं, "ही निळसर काळी झाक बघ. आलुबुखाराच्या सालीसारखी. कारखान्यातून निघालं तेव्हाची आहे. पैसे हिचे आहेत. असली पिस्तुलं हजारोंनी निघाली, पण तुम्हा डोंगरातल्या बायकांनी शंभरातल्या नव्व्याण्णवांची घासून घासून वाट लावली. याला कुणाला हात लावू देऊ नकोस. तेलाचा थेंबसुद्धा नको."

"आमच्या बायकांबद्दल तू बोलू नकोस," मी म्हटलं.

"बरं, नाही बोलत. नऊशे मार्क."

"राजाच्या हातचं आहे हे."

"कागद आहे?"

"आजोबांचा शब्द आहे."

"शब्दाला मी हात जोडतो. पण घेणारा इटलीतल्या त्रियेस्तेचा आहे, तो तुझ्या आजोबांना ओळखत नाही. मी आजवर साठेक घरांतली पाहिली. सगळी राजानेच दिलेली. त्या राजाला दुसरं काही काम नव्हतं का?"

मी पिस्तूल उचललं आणि बाहेर पडलो. मागून हाक आली, वळून बघितलं नाही. राजाच्या देणगीचे नऊशे. आमच्या आजोबांना खोटं ठरवून वर आमच्या बायकांना नावं ठेवतो.

घरी स्तामेनाला एवढंच सांगितलं की नऊशे म्हणाला आणि भंगारासारखं बोलला. बाकीची बडबड तिच्या कानावर घालून तिला कशाला दुखवू? ती म्हणाली, "बरं झालं परत आणलंस," आणि माझा कोट झटकून खुंटीला लावला.

१४ ऑक्टोबर

आज पहिली बाटली संपायला हवी होती. उजेडासमोर धरून बघितली, तळाशी बोटभर शिल्लक आहे. डॉक्टरीणबाईंनी उगाच घाबरवलं. शिकलेल्या माणसांना हातचं राखून हिशेब सांगायची सवयच असते.

२० ऑक्टोबर

दुसरी बाटली आज उघडली. दहा दिवसांची बाटली सोळा दिवस गेली. स्तामेनाला म्हटलं, "तुझी साखर उतरत चाललीय बहुतेक." ती म्हणाली, "डोंगरची हवा." या हिशेबाने नोव्हेंबर निघतो. जिवात जीव आला.

संग्रहालयात जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी पिस्तूल पांढरे हातमोजे घालून धरलं आणि म्हणाले, "अमूल्य आहे हो." घ्याल का, विचारलं. तर म्हणाले, आमचेच पगार चार महिने झालेले नाहीत. अमूल्य म्हणजे फुकट, हे आज कळलं.

स्तामेना पाणी फार पिते हल्ली. सकाळी भरून ठेवलेला हंडा दुपारी रिकामा. मी चिडवलं, "घोड्याशी लग्न केलं असतं तर परवडलं असतं." हसली.

२८ ऑक्टोबर

कणीक मळताना तिच्या बोटातली लग्नाची अंगठी घसरून पिठात पडली. अर्धा तास शोधत होतो. बारीक झाली आहे. मी म्हटलं, नवरी होतीस तेव्हा अशीच होतीस. तोंडाला पिकल्या सफरचंदाचा वास येतो. माळ्यावरची हिवाळ्याची सफरचंदं मला चोरून खाते, दुसरं काय. डॉक्टरीणबाईंनी फळ मना केलंय, पण एवढ्यावरून काय ओरडायचं. चालवून घेतो.

बसस्टँडवर बाचोला भेटलो. चाळिशीचा असेल, कातडी जाकीट, शेजारी प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पेट्रोल, खोक्यात सिगरेटी आणि खाली बर्फात इन्सुलिन. एका बाटलीचे पन्नास मार्क. पिस्तुलाचं बोलल्यावर म्हणाला, "काका, असलं लोखंड रोज येतं माझ्याकडे. चार बाटल्या देतो."

"माझ्या आजोबांना राजाने–"

"राजा इन्सुलिन घेतो का?"

त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. नाही मारली. पुढे गरज पडेल.

६ नोव्हेंबर

काल तिसरी आणि शेवटची बाटली उघडली. पुन्हा सोळा दिवस. हे चांगलं आहे, तरी आज जे झालं ते चांगलं नाही. स्तामेना उंबऱ्यात पडली. मी उचलली तेव्हा श्वास जोरजोरात चालला होता आणि ती माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघत होती. उलट्या झाल्या. शेजारणीच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. मी दवाखान्यात नेतो म्हटलं तर तिने माझी बाही धरली, "इंजेक्शन घेते आणि पडते. तू बाहेर जा." घेतलं. संध्याकाळपर्यंत बरी झाली. आता झोपली आहे.

माझा धीर सुटला. साठ वर्षांचा गडी, पण तिच्या उशाशी बसून तिचे श्वास मोजतोय. तिच्यामागे या घरात मी आणि टोपी.

८ नोव्हेंबर

अभिमान गिळला. पोस्टातून त्रिपोला फोन लावला. वाटलं होतं टोमणा मारेल, पण त्याने एवढंच विचारलं, "हात लावला नाहीस ना कुठे?"

"नाही."

"मग नऊशे. ते खिशात घेऊन तू नाक्यांवरून फिरू नकोस, पोलीस धरतील. अठराला गुरुवारी मीच वर येतो."

घरी येऊन सांगितलं, त्रिपो येतोय आणि या वेळी मी देणार. मला वाटलं रडेल. थोडा वेळ चुलीतलं लाकूड पुढेमागे करत बसली. मग म्हणाली, "पाहुणा घरी येतोय तर घर घरासारखं दिसलं पाहिजे."

१७ नोव्हेंबर

दिवसभर बाहेर. बहिणीकडून धुरात वाळवलेल्या मांसाचा एक तुकडा आणि कॉफीची पुडी मागून आणली. भाऊ मागायला आला म्हणून तिलाच लाज वाटली. घरी आलो तर जमीन घासलेली, पडदे धुतलेले, स्तामेनाच्या बोटांना चिरा पडलेल्या. "काय केलंस एवढं?" विचारलं तर म्हणाली, "उद्या बघशील." मोठी खुशीत होती.

१८ नोव्हेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

त्रिपो अकराला आला. पाहुणा आपल्या छपराखाली खाऊनपिऊन झाल्याशिवाय व्यवहाराचं तोंडातून काढायचं नसतं. कोतोरचा असला तरी त्याला ते ठाऊक होतं. रकियाचे दोन पेले झाले, मांस झालं, स्तामेनाने शेवटच्या पिठाच्या प्रिगानित्से तळल्या होत्या, त्या मधाबरोबर झाल्या. मग ती आतल्या खोलीत गेली आणि पांढऱ्या कापडावर पिस्तूल घेऊन आली. बारशाच्या बाळासारखं दोन्ही हातांत धरून.

चमच्यासारखं चकचकत होतं.

मी हातातला पेला खाली ठेवला. ती मात्र त्रिपोसमोर ताठ उभी. "चाळलेली राख, व्हिनेगर आणि लोकरीचा बोळा. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. हा लाकडं आणायला गेला की मी बसायचे, आठ दिवस लागले. पाहुण्यापुढे काळं शस्त्र ठेवलं तर लोक म्हणतात, या घरात बाई नाही. मला दिसत नाही नीट, पण बोटांना कळतं. कुठे राहिलंय का?"

त्रिपोने पिस्तूल घेतलं. अक्षरांवरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही, अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी पुसट झालेली. त्याने तिच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही बाई, कुठेच राहिलं नाही. इतकी मेहनत मी आजवर कुठल्या घरात पाहिली नाही."

फाटकापाशी आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, "किती?"

"तूच सांग. तुला आता कळतं."

मला कळत होतं, हेच वाईट. त्याच्या दुकानात तासभर त्याने मला तेच शिकवलं होतं. "तीनशे," मी म्हटलं.

"साडेतीनशे. मूठ तिने घासली नाही, त्या मुठीचे पन्नास."

मग मी त्याची बाही धरली. जन्मात कुणाची धरली नव्हती. म्हटलं, नऊशे दे. म्हटलं, तुझ्या दारात येऊन झाडू मारीन. तो म्हणाला, "नऊशे माझ्या खिशात आहेत, पण ते त्रियेस्तेवाल्याचे आहेत. हे त्याच्यापुढे ठेवलं तर तो माझ्या तोंडावर फेकेल. हे साडेतीनशे आहेत ना, ते माझे आहेत." नोटा मोजून दिल्या. जाताना विचारलं, "हात लावू देऊ नकोस म्हणालो होतो. तिला सांगितलं होतंस?"

मी नोटा पुन्हा मोजायला लागलो. तो खाली उतरून गेला.

आत आलो तर ती दारातच. "किती दिले?"

"बाराशे," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात, माहीत नाही.

"नऊशे म्हणाला होता ना?"

"चमक बघून वाढवले."

ती खुर्चीवर बसली. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "म्हणजे आता बाटल्या येतील?"

"येतील."

"किती दिवसांच्या?"

"वर्षभराच्या म्हण. त्याची काळजी तू करू नकोस."

ती उठली, कपाटातून सिरिंज काढली आणि म्हणाली, "बाहेर जा, इंजेक्शन घ्यायचंय." अजून वेळ झाली नव्हती. मी म्हटलं एवढी घाई काय. "जा म्हटलं ना," म्हणाली, पण हसत.

१९ नोव्हेंबर

साडेतीनशे मार्क, सात बाटल्या. बाचोने एक पैसा सोडला नाही. सोळा दिवसांना एक धरली तर एकशे बारा दिवस, म्हणजे मार्चपर्यंत. तोवर काहीतरी होईल. बंदी उठेल, नाहीतर मी चोरी करेन.

२० नोव्हेंबर

जुन्यातली शेवटची आज संपली, एक दिवस आधीच. नवी उघडली.

२६ नोव्हेंबर

स्तामेनाने शेजारणीला बोलावून सांगितलं की तिच्या राखेने तीनशे मार्क वाढवले. शेजारीण माझ्याकडे बघायला लागली, मी सरपण आणायला बाहेर पडलो. स्तामेनाची तब्येत मात्र सुधारतेय. हंडा संध्याकाळपर्यंत पुरतो. सफरचंदाचा वास गेला, म्हणजे माळ्यावरची संपवली वाटतं. आज माझ्यावर दोनदा ओरडली. घरात बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

नवी बाटली काल संपली. दहा दिवसांत. सोळा दिवस पुरायची ती दहा दिवसांत. त्या बदमाषाने पाणी घालून दिलं, नाहीतर अर्धवट भरून. माझ्या बायकोच्या रक्तावर हा जाकिटं घालतो. उद्या बघतो त्याच्याकडे.

१ डिसेंबर

रिकामी बाटली खिशात टाकून बसस्टँडवर गेलो. बाचोची कॉलर धरली. चार माणसं जमली. तो ओरडला नाही. म्हणाला, "काका, कॉलर सोडा, मग बोलू." त्याने खोक्यातली बंद बाटली माझ्या हातात दिली. रबराचं झाकण घट्ट, पातळी अगदी मानेपर्यंत. मी दुसरी मागितली, तिसरी मागितली. सगळ्या तशाच. मग त्याने विचारलं, "मावशी रोज किती घेतात?"

"चाळीस."

"आणि बाटलीत चारशे. गावात सगळे सांगतात, तुम्ही तीस वर्षं लेथवर होतात. मिलिमीटरचा दहावा भाग मोजत होतात. मग हे मोजा की."

"आधीच्या सोळा दिवस गेल्या."

त्याने बाटल्या परत बर्फात ठेवल्या. नंतर हळू आवाजात म्हणाला, "मग काका, आधीचं घरी जाऊन विचारा. माझ्या बाटल्या बरोबर आहेत."

घरी आलो, विचारलं नाही. ती अंगणात शेजारणीशी बोलत होती. मी ही वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. चार ऑक्टोबर. वीस ऑक्टोबर. पाच नोव्हेंबर. चारशे भागिले सोळा. पंचवीस. कडेला तीनदा करून बघितलं, तीनदा पंचवीसच आलं.

ती चाळिसाच्या जागी पंचवीस घेत होती. चुलीकडे तोंड करून, मला अंगणात पाठवून. पिस्तूल विकायला लागू नये म्हणून. माझ्याकडे नुसती टोपी राहू नये म्हणून. हंडा, अंगठी, सफरचंदाचा वास, उंबरा, सगळं इथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी त्याच्यावर विनोद केले. भिंग लावून मी त्या लोखंडाकडे बघायला शिकलो आणि हिच्याकडे बघायला शिकलो नाही.

ज्या दिवशी मी बाराशे म्हटलं, त्या दिवसापासून ती पूर्ण घेते आहे.

आता सहा बाटल्या, पैकी एक उघडी. दिवस साठ नाहीत, एकोणसाठ. जानेवारी संपायच्या आत संपणार. खरं सांगितलं तर ती उद्यापासून पुन्हा पंचवीसवर येईल, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. म्हणून सांगायचं नाही. ही वही डॉक्टरीणबाईंनाही दाखवायची नाही.

२ डिसेंबर

त्रिपोला पत्र टाकलं. लिहिलं: वडिलांचं चांदीचं खिशातलं घड्याळ आहे. पार काळं पडलं आहे. कुणीही हात लावलेला नाही. तू म्हणशील ती किंमत.

घड्याळ सरपणाच्या ढिगाखाली डब्यात घालून लपवलं आहे, तिच्या हाती लागू नये म्हणून.

आज तिने सिरिंज काढली तेव्हा मी अंगणात गेलो नाही. "काय रे, बाहेर नाही गेलास?"

"थंडी आहे."

तिने पाठ वळवली नाही. सुई बाटलीत घातली आणि पुटपुटत मोजायला लागली. मला घेरी आली, कपाळाला घाम फुटला, पण भिंत धरून उभा राहिलो. छत्तीस, अडतीस, चाळीस. चाळीसला थांबली. मग झगा बाजूला करून सुई टोचली.

कापूस दाबून धरत म्हणाली, "बाराशेतले किती उरले असतील?"

"पुष्कळ."

"तू विकूच नकोस म्हणणारी मी, पण बघ. राख आणि व्हिनेगर, माणसा. आणि तो कोतोरवाला म्हणे नऊशे."

"हो," मी म्हटलं. "तुझ्यामुळे वाढले."